हप्ते झेपेनासे झाले तर काय करायचं: यादी, सेटलमेंट आणि शेवटी दिवाळखोरीचा अर्ज

पगार ३२ हजार आणि महिन्याचे हप्ते ४१ हजार. असं गणित झालेले लोक आता नागपुरात कुठेही भेटतात, हिंगणा एमआयडीसीत कामाला असलेले, मिहानमध्ये कॉन्ट्रॅक्टवर असलेले, इतवारीत लहानसं दुकान चालवणारे, आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "भाऊ, घरी पोलीस येतील का?" मी पतसंस्थेत वसुलीचं काम बघितलंय, आता ओळखीपाळखीच्या लोकांचे बँकेचे कागद वाचून देतो, म्हणून या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही येणार. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, ते दिवाणी प्रकरण आहे. सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलं की नुसते पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, पैसे असून दडवले, बुडवायचीच नियत होती, तर गोष्ट वेगळी. आणि बाईला तर पैशाच्या डिक्रीपोटी (म्हणजे कोर्टाच्या वसुलीच्या हुकुमापोटी) अटकच करता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ तसंच आहे.

एक मोठा अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्या. चेक. तुमचा चेक बाऊन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी केस होते, २ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यावर ३० दिवसांत समोरच्याने नोटीस पाठवायची असते, ती मिळाल्यावर तुमच्याकडे १५ दिवस असतात, त्यात पैसे भरले तर विषय संपला. खात्यातून आपोआप कटणारा हप्ता बाऊन्स झाला तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली असंच प्रकरण होऊ शकतं. त्यामुळे कोर्टाचं समन्स आलं आणि त्यावर १३८ लिहिलेलं असलं तर ते पाकीट कपाटात टाकून मोकळं व्हायचं नाही, तारखेला हजर राहायचंच, गैरहजेरीमुळे वॉरंट निघतं आणि मग जी भीती होती तेच होऊन बसतं.

आता कामाला लागू. एक मोठा कागद घ्या, मोबाइलमध्ये नको, कागदच, कारण तो घरातल्या सगळ्यांना दिसला पाहिजे. बायकोपासून लपवून ठेवलेलं कर्ज एक ना एक दिवस वसुलीवालाच तिला सांगतो, त्यापेक्षा तुम्ही आज सांगितलेलं बरं. कागदावर रकाने पाडा: कोणाचं कर्ज, किती उरलंय, हप्ता किती, किती दिवस थकलाय, आणि शेवटचा रकाना, जो बहुतेक लोक काढतच नाहीत, तो म्हणजे "हा माझं काय नेऊ शकतो". कर्जं इतकी झाली असतील की आठवतच नाहीत, तर क्रेडिट रिपोर्ट काढा, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो.

सगळा खेळ त्या शेवटच्या रकान्याचा आहे. लोक काय करतात, जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देतात. कार्डवाला दिवसाला पंधरा फोन करतो म्हणून त्याचे ८ हजार भरतात आणि होम लोनवाली बँक शांत असते म्हणून तिचा हप्ता चुकवतात, आणि घर नेऊ शकतो तो शांत असणाराच.

होम लोनचं असं असतं. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत-बुडीत धरते, मग बँक सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस पाठवते, त्यात ६० दिवस मिळतात. या ६० दिवसांत लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, आणि हरकतीत उगाच भावनिक लिहू नका, आकडे लिहा, किती भरलं, दंड कसा चुकीचा लावलाय, किती मुदत पाहिजे. त्यानंतर ताब्याची नोटीस आली तर ४५ दिवसांच्या आत डीआरटीमध्ये, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, अर्ज करता येतो, आणि डीआरटी आपल्या नागपुरातच आहे, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. लिलावाची जाहिरात निघायच्या आधी पूर्ण थकबाकी भरली तर घर सोडवता येतं, नंतर फार अवघड. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, गावाकडची जमीन गहाण असेल तर हे लक्षात ठेवा.

गोल्ड लोनमध्ये जाईल ते सोनं. व्याज वाढत वाढत सोन्याच्या किमतीजवळ येऊन राहिलं असेल तर लिलावाची वाट बघू नका, कोणाकडून चार दिवसांसाठी पैसे घेऊन सोनं सोडवा आणि स्वतः सराफ्यात जाऊन विका, स्वतः विकताना चार दुकानांत भाव विचारता येतो. लिलाव झालाच तर कर्ज वळतं करून उरलेली रक्कम तुमची असते, ती लेखी मागा. गाडीच्या कर्जात गाडी जाते, पण रस्त्यात अडवून चावी हिसकावणं हे कायद्यात बसत नाही, गुंड लावून गाड्या उचलण्यावर सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच कडक बोलून ठेवलंय.

आणि पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, अ‍ॅपवरचं कर्ज? हे लोक थेट काहीच नेऊ शकत नाहीत. त्यांना आधी कोर्टात किंवा लवादाकडे (करारात ठरलेला खासगी पंच) जावं लागतं, हुकूम मिळवावा लागतो, मग जप्ती. आणि जप्तीलाही हद्द आहे. पगारातले पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश तुमचेच राहतात, म्हणजे ३२ हजार पगारावर जास्तीत जास्त १० हजार ३३३ रुपये जप्त होऊ शकतात, तेही एका डिक्रीसाठी एकूण २४ महिनेच. पीएफ, पीपीएफला हात लागत नाही, कारागिराची अवजारं, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी यांनाही नाही. म्हणून मी कळकळीने सांगतो, कार्डाचं बिल फेडायला पीएफ काढू नका, आणि घर गहाण ठेवून कार्ड फेडायच्या भानगडीत तर पडूच नका, ज्याला घराला हात लावता येत नव्हता त्याच्यासाठी तुम्ही स्वतः घर पणाला लावताय.

जामीनदाराचा रकाना वेगळा. तुमच्या कर्जाला भावजी जामीन असतील तर बँक तुम्हाला सोडून थेट त्यांच्याकडे जाऊ शकते, करार कायद्याचं कलम १२८. त्यांना अंधारात ठेवू नका, आणि असं कर्ज यादीत वर घ्या.

तर पैसे देण्याचा क्रम असा: आधी किराणा, लाइट बिल, पोरांची फी, औषधं. मग घर. मग जिथे दुसऱ्याचा जामीन आहे ते. मग गाडी, जर गाडीवरच पोट असेल तर ती आधी. कार्ड आणि अ‍ॅप सगळ्यात खाली. फेडायचं नाही असं मी म्हणत नाहीये, ज्याला जमतं त्याने फेडलंच पाहिजे, पण सगळं जमत नसताना क्रम लागतोच.

कार्डाचं एक गणित जवळून बघा म्हणजे कळेल माणूस फसतो कुठे. समजा थकबाकी १ लाख ८० हजार, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ६,३०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १,१३४, झाले ७,४३४. किमान रक्कम ५ टक्के धरली तर तुम्ही भरता ९,०००. म्हणजे ९ हजार भरून कर्ज कमी झालं १,५६६ रुपयांनी, आणि त्या महिन्यात कार्डावर दोन हजारांचं पेट्रोल टाकलं असेल तर कर्ज उलट वाढलं. हे ज्या दिवशी लक्षात येईल त्याच दिवशी कार्ड वापरणं बंद करा आणि बँकेला ईमेल करा की पूर्ण थकबाकीचं कमी व्याजाच्या हप्त्यांत रूपांतर करून द्या. पर्सनल लोन असेल तर मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. हे सगळं ९० दिवस पूर्ण व्हायच्या आत मागायचं, तोवर बँकेलाही खातं बिघडू द्यायचं नसतं. नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं सोबत जोडा. फोनवर मागितलेलं काही खरं नसतं, ईमेल किंवा पोचपावती घेतलेलं पत्र.

अजून एक बारीक गोष्ट, जिथून कर्ज घेतलंय त्याच बँकेत पगार येत असेल तर बँक खात्यातून पैसे परस्पर वळते करून घेऊ शकते, तेव्हा पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत उघडून ठेवा, त्यात बेकायदेशीर काही नाही.

आता फोन. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बचत गटातल्या बायकांची जी मायक्रोफायनान्सची कर्जं असतात त्यांना तर ९ ते ६ च. शिव्या, धमक्या, शेजाऱ्यांना सांगणं, ऑफिसात तमाशा करणं, नातेवाइकांना मेसेज, सगळं बंद आहे. कॉल रेकॉर्ड करा, तारीख वेळ लिहून ठेवा, एजंटचं नाव आणि बँकेने दिलेलं अधिकारपत्र मागा, नुसतं अधिकारपत्र मागितलं तरी निम्मे लोक सरळ बोलायला लागतात. मग आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन सीएमएस पोर्टलवर, एक पैसा लागत नाही, चौकशीचा नंबर १४४४८. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या बिल्डिंगसमोर जाऊन उभं राहायची गरज नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायचा अधिकारच नाही, कोणी फोटो खराब करून नातेवाइकांना पाठवायची धमकी देत असेल तर तो वसुलीवाला नाही, गुन्हेगार आहे, त्याला एक रुपया देऊ नका आणि लगेच १९३० वर फोन करा.

सेटलमेंटचं बोलू, म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रक्कम देऊन कर्ज मिटवणं. एनपीए झाल्यावर बँक स्वतःच विचारायला लागते, एकरकमी किती देता. मार्चअखेर आणि तिमाहीच्या शेवटी जरा जास्तच. पहिला आकडा कधीच घेऊ नका, आणि हातात रक्कम नसताना तर होकार देऊच नका, कारण हप्त्यातली सेटलमेंट एक हप्ता चुकला की मोडते आणि भरलेले पैसे नुसते थकबाकीत जमा होतात. "दोन हजार टोकन टाका, केस थांबवतो" असं फोनवर म्हणतात, ते का म्हणतात ते समजून घ्या. कर्जवसुलीच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं असते, मुदतीच्या आत पैसे भरले आणि त्याची लेखी नोंद झाली की ती मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जुनं कर्ज असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय टोकन नको.

सेटलमेंटचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे नाही. आणि पत्र वाचायचं कसं: बँकेच्या लेटरहेडवर आहे का, बँकेच्याच अधिकृत ईमेलवरून आलंय का की एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून, लोन अकाउंट नंबर पूर्ण आणि बरोबर आहे का, रक्कम आकड्यात आणि अक्षरात सारखी आहे का, शेवटची तारीख कोणती, ही रक्कम पूर्ण आणि अंतिम आहे असं स्पष्ट लिहिलंय का, चेकची किंवा लवादाची केस मागे घेऊ असं लिहिलंय का. हे शेवटचं बरेचदा गाळलेलं असतं. पैसे फक्त लोन अकाउंटमध्ये, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. मग नो ड्यूज (काही देणं उरलं नाही असं पत्र) घ्या, आणि घराचे कागद बँकेकडे असतील तर पूर्ण फेड किंवा सेटलमेंट झाल्यावर ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई आहे.

सेटलमेंटची किंमतही सांगतो. सिबिलमध्ये "सेटल्ड" असं लागतं, पुढची काही वर्षं कर्ज मिळायला जड जातं, आणि त्याच बँकेत निदान १२ महिने तरी नवीन कर्ज नाही. माझ्या मते ज्याचं घर चालत नाहीये त्याने सिबिलची काळजी सध्या बाजूला ठेवावी. आणि जे लोक महिन्याला फी घेऊन "आम्ही तुमचं कर्ज अर्ध्यात मिटवतो, तुम्ही बँकेचे फोन उचलू नका" म्हणतात त्यांच्यापासून लांब राहा, तुम्ही फोन उचलत नाही तोवर बँकेने लवाद नेमून हुकूमही घेतलेला असतो.

सावकाराचं कर्ज असेल तर महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ आहे. लायसन्स नसलेल्या माणसाने व्याजाने पैसे देणं हाच गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. लायसन्सवाल्यालाही शेतकरी सोडून इतरांकडून तारणावर वर्षाला १५ टक्के आणि बिनतारण १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. महिन्याला दहा टक्के घेणारा माणूस तुम्हाला कोर्टाची धमकी देतो तेव्हा कोर्टाची भीती खरंतर त्याला असायला पाहिजे. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक, सहायक निबंधकांकडे होते. कोऱ्या चेकवर, कोऱ्या स्टॅम्पवर सही दिली असेल तर ते तक्रारीत लिहा.

आता दिवाळखोरी. यूट्यूबवर २०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्याबद्दल बरंच सांगतात, वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत तर सगळं माफ वगैरे. तो भाग कागदावर आहे, साध्या माणसासाठी लागू झालेला नाही, कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांनाच १ डिसेंबर २०१९ पासून लागू केलाय. तुमच्याआमच्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो, नादारी म्हणजे दिवाळखोरीच. मुंबई शहराला १९०९ चा वेगळा, आपल्याला हा. इतका जुना की पात्रतेची रक्कम ५०० रुपये आहे, म्हणजे ५०० किंवा जास्त कर्ज आणि ते फेडता येत नाही, एवढं असलं की सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो.

अर्जात सगळे देणेकरी (ज्यांचं तुम्ही देणं लागता ते), सगळी मालमत्ता, उत्पन्न खरं लिहायचं. कोर्ट देणेकऱ्यांना नोटीस काढतं, तुम्हाला प्रश्न विचारतं, पटलं तर नादार घोषित करतं. त्या क्षणापासून तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या (कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाते, जप्तीतून सुटलेल्या वर सांगितलेल्या वस्तू सोडून, आणि त्या कर्जांसाठी कोणालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. पण ज्याच्याकडे तारण आहे त्याला हे थांबवत नाही, होम लोनवाली बँक घराकडे येऊ शकते. नादारी काढली की घर वाचेल असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे.

अर्जाच्या आधी बेसाचा प्लॉट बायकोच्या नावावर, गाडी साळ्याच्या नावावर, असं करू नका. दोन वर्षांत केलेलं असं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं, आणि एकाच देणेकऱ्याला झुकतं माप देऊन तीन महिन्यांत पैसे दिले असतील तर तेही. वरून तुमची नियत खराब ठरते.

लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात. नादार घोषित झालं म्हणजे कर्ज संपलं नाही, कर्ज संपतं मुक्ततेच्या हुकुमाने, डिस्चार्जने. कोर्ट मुदत देतं, तेवढ्यात डिस्चार्जचा अर्ज केला नाही तर घोषणाच रद्द होऊ शकते आणि सगळे देणेकरी पुन्हा दारात. डिस्चार्जच्या वेळी कोर्ट बघतं की तुमची मालमत्ता बिनतारण कर्जाच्या रुपयाला निदान आठ आणे तरी आहे का (कायद्यात शब्द आण्यातलेच आहेत), नसेल तर तसं का झालं याचं कारण द्यावं लागतं. नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, हे कारण आहे, म्हणून दवाखान्याचा एकेक कागद जपून ठेवा. सट्टा आणि जुगार हे तुमच्या विरोधात जातं, बँक स्टेटमेंटमध्ये ऑनलाइन गेमिंग आणि ऑप्शन ट्रेडिंगच्या नोंदी असतील तर वकिलाला आधीच खरं सांगा.

डिस्चार्ज मिळाला तरी सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं कर्ज आणि पोटगी सुटत नाही. तोपर्यंत नादार असल्याचं न सांगता ५० रुपयांची उधारी घेणंसुद्धा गुन्हा आहे, निवडणूक लढवता येत नाही, आणि सरकारी नोकराला ऑफिसला कळवावं लागतं. वेळही लागतो. म्हणून पगारदार माणूस, दोन-तीन कार्डं, एखादं पर्सनल लोन, इतकंच असेल तर मी सेटलमेंटच सांगेन. धंदा बुडालाय, दहा-बारा देणेकरी आहेत, डिक्र्या झाल्यात, विकायला काही उरलं नाही, अशाने हा अर्ज जरूर विचारात घ्यावा, त्यात लाज बाळगायचं कारण नाही, कायदा त्यासाठीच केलाय.

वकिलाचे पैसे कुठून आणू, हा पुढचा प्रश्न. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे सगळ्या महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, दिव्यांगांना आणि वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना फुकट वकील मिळतो, फोन १५१००. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, जा, तिथे तडजोड करायलाच पाहिजे अशी सक्ती नाही, पण सही केली की त्यावर अपील नाही, म्हणून आकडा झेपतो का ते घरून ठरवून जा. आणि रात्री झोप लागत नाही, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येऊन राहिलेत, असं असेल तर कर्जाच्या आधी त्याचं बघा, टेलिमानस १४४१६ वर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही, आणि घरातल्या एकाला त्याच रात्री उठवून सांगा. प्राधिकरणात जाताना आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, आलेल्या सगळ्या नोटिसा पाकिटांसकट (पाकिटावरची तारीख मुदत मोजायला लागते), सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि तो रकाने पाडलेला कागद सोबत न्या.